एकेचाळीस ठिपके

मी एक जुना ब्रश आहे. भिंत रंगवणारा नव्हे हं, मित्रांनो! खारीच्या शेपटीचे जेमतेम वीस-पंचवीस केस आणि एक लाकडी दांडी, एवढाच माझा संसार. पण ऐन उमेदीत माझं टोक तान्ह्या बाळाच्या पापणीइतकं बारीक होतं.

मी एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागात कामाला होतो. तेव्हा फोटो फिल्मवर निघत. फिल्मवर धुळीचा कण बसला, की कागदावर त्याचा पांढरा ठिपका उमटे. तो शाईने भरून दिसेनासा करायचा, हे माझं काम. माझी मालकीण इतका नाजूक हात चालवी, की सगळे तिला बारीकबाईच म्हणत. टोक जुळावं म्हणून ती मला ओठांत धरी, त्यामुळे तिची जीभ कायम काळी.

"बारीकबाई, काळी जीभ तुमची, आमच्याबद्दल चांगलंच बोला!" छपाईवाले चिडवत.

"तुमच्याबद्दल चांगलं बोलायला काळी नाही, खोटी जीभ लागेल," ती म्हणे.

तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही फोटो छापायला जात नसे. काम झालं, की ती फोटोच्या मागे लिही, 'साफ'. त्या शब्दाचा मला केवढा अभिमान!

त्या वर्षी सीमेपलीकडे युद्ध पेटलं होतं. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते. तिकडे काय घडलं हे इकडे कळायचं, तर कुणीतरी ते डोळ्यांनी पाहावं लागे, टिपावं लागे आणि जिवावर उदार होऊन इथवर आणावं लागे. रेडिओ मात्र एका गावाबद्दल रोज सांगत होता, "गाव आधीच रिकामं होतं. कुणाला इजा झाली नाही."

एके दुपारी त्याच गावातली एक नर्स आमच्या कचेरीत आली. पायांना फोड, अंगावर मळका कोट. तिने बँडेजच्या गुंडाळीतून फिल्मचं रीळ काढलं. ते धुऊन कागदावर उतरवलं, तर त्यात एकच फोटो निघाला, दवाखान्याच्या गच्चीवरून तिनेच काढलेला. काळपट शेत, अंधूक आकार आणि ओळीने पांढरे ठिपके. ओळीतले ठिपके बारीकबाईने तसेच ठेवले. कडेचे तीन मात्र तिला धूळ वाटले. तिने सवयीने मला ओठांत धरलं. एक, दोन, तीन. मागे लिहिलं, 'साफ'.

नर्सने तो फोटो हातात घेतला आणि बोटाने ठिपके मोजू लागली. पुन्हा मोजले.

"अडतीसच?"

"म्हणजे?" संपादकांनी विचारलं.

"एकेचाळीस हवेत. सैनिक म्हणाले, दंडाला पांढरी पट्टी बांधा, कुणाला काही करणार नाही. बँडेज फाडून मीच बांधल्या हो पट्ट्या! एक माझ्या बाबांना. मग सगळ्यांना शेतात ओळीने उभं केलं आणि गोळ्या घातल्या. बाबा अगदी कडेला होते..."

संपादकांनी चष्मा काढला. "ताई, आकडा जुळला नाही, तर पहिल्याच दिवशी तुम्हाला खोटं पाडतील. मला हा फोटो छापता येणार नाही."

मित्रांनो, माझ्या टोकावरची शाई अजून ओली होती.

बारीकबाई उठून उभी राहिली. "ताई, तुमचा आकडा बरोबर आहे. ते तिघं मी पुसले. धूळ समजून."

तिने अंधाऱ्या खोलीत जाऊन फिल्म हलकेच पुसली आणि तिच्यावरून नवा फोटो कागदावर उतरवला. तिन्ही ठिपके जागच्या जागी! धूळ असती तर निघून गेली असती. भिंगातून पाहिलं, तर प्रत्येक ठिपक्यामागे एक दंड होता आणि दंडामागे एक माणूस.

"छापतो," संपादक म्हणाले. "वरच्या कोपऱ्यातला ओरखडा तेवढा भरा."

"साहेब, तुमच्या बड्या पाहुण्यांच्या गालावरच्या पुटकुळ्या जन्मभर मिटवल्या मी. याला ब्रश लागणार नाही." तिने फोटो उलटा केला आणि मागे लिहिलं, 'हात लावलेला नाही'.

दुसऱ्या दिवशी अंक कचेरीबाहेरच्या भिंतीवर लागला. बारीकबाईच्या अंबाड्यात खोचलेला मी सगळं पाहत होतो. रस्ता भरून माणसं, पण चप्पल घासल्याचाही आवाज नाही. पलीकडच्या दुकानात रेडिओ सांगू लागला, "गाव रिकामं..." दुकानदाराने कान पिळून तो बंद केला. कधी न पाहिलेल्या माणसांना लोक बोटाने मोजत होते. एकेचाळीसवर आलं की बोट थांबे, आणि मागचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. सगळ्यांत शेवटी नर्स पुढे झाली. तिने कडेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. एवढ्याशा ठिपक्यात अख्खे बाबा मावतात, हे मला तेव्हा कळलं.

आता माझे केस झडलेत. बारीकबाईच्या नातीच्या बटणांच्या डब्यात मी पडून असतो. जन्मात मी हजारो ठिपके भरले, त्यातला एकही आठवत नाही. त्या एकेचाळिसांची जागा मात्र अजून तोंडपाठ आहे.

मला जपलं नाहीत तरी चालेल. टापटीप जरूर ठेवा. पण मित्रांनो, काहीही पुसण्याआधी जरा वाकून बघा. तिथे कुणीतरी असेल.