राजूर, खर्डा, पाथर्डी : एका बेस गिटारची चाल

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. अहिल्यानगर शहरात मुकुंदनगर नावाचा भाग आहे, तिथल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत मी राहते. साध्या गिटारला सहा तारा असतात. मला चारच आहेत, आणि त्याही चांगल्या जाडजूड. त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "दोन तारा तुटल्या का हो?" मी आता रुसत नाही. माझा आवाजही असाच, चटकन लक्षात न येणारा. गाण्यात गळा ऐकू येतो, ढोल ऐकू येतो. मी त्यांच्या खाली, अगदी तळाशी वाजत असते. घराचा पाया कुणी पाहायला येत नाही, पण भिंती त्यावरच उभ्या असतात ना, तसंच माझं काम.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने एक डोळा मिटून माझी मान सरळ आहे ना हे पाहिलं आणि मला पेटीत घातलं. पेटी उघडली ती पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानात. तिथे मी भिंतीला लटकून राहिले. येणारे लोक सहा तारांच्या माझ्या बहिणींना हात लावून पुढे जात.

एके दिवशी नगरचा एक तरुण आला. त्याचं नाव मोहियोद्दीन. दिवसा तो एमआयडीसीत पत्रा दाबायच्या मशिनवर काम करायचा आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. ऑर्केस्ट्राला बेस हवा होता, म्हणून तो मला पाहायला आला होता. दुकानात एक कॅसेट चालू होती. लांबच लांब गाणं होतं, मध्येच वळणं घेणारं. मोहियोद्दीनभाई पायाने ठेका धरायला गेले, तर पाय दर वेळी चुकीच्या जागी पडू लागला.

"हे गाणं लंगडतंय का?" त्यांनी विचारलं.

दुकानदार हसला. म्हणाला, "लंगडत नाही. ते सात पावलं टाकतंय, आणि तू चार मोजतोयस."

मोहियोद्दीनभाईंनी कॅसेट मागे फिरवायला लावली. मला मांडीवर घेतलं आणि गाण्याखालचा तो जाड आवाज माझ्या तारांवर शोधू लागले. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी ते उठेनात. मला घेऊन एसटीने नगरला आले तेव्हा सबंध वाटेत त्यांची बोटं माझ्या पिशवीवर सात मोजत होती.

मित्रांनो, अशा गाण्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. बहुतेक गाणी शाळेच्या कवायतीसारखी चालतात, एक-दोन-तीन-चार. ही गाणी मात्र कधी पाच मात्रांवर चालतात, कधी सातांवर, आणि मध्येच चाल बदलतात. आपल्याकडे तबला शिकणाऱ्या मुलांना रूपकच्या सात मात्रा ठाऊक असतातच, त्यामुळे सात म्हणजे काही परका आकडा नव्हे. आणि या गाण्यांत माझ्यासारखीला नुसतं मागे उभं राहावं लागत नाही. गिटार एका वाटेने जाते, गळा दुसऱ्या वाटेने, आणि मी तिसऱ्या. मग एका वळणावर सगळे भेटतो. त्या भेटीची गंमत मी काय सांगू!

लग्नात मात्र सात मात्रा चालत नसत. नवरदेवाचे मित्र नाचायला आलेले असत, त्यांना चारच हव्यात. मोहियोद्दीनभाई मुकाट्याने चार वाजवत, आणि परतताना टेम्पोत मला मांडीवर घेऊन सातात शिरत. ऑर्केस्ट्रा जिल्हाभर फिरे. कधी राजूरच्या डोंगरात, कधी खर्ड्याला किल्ल्याच्या गावात, कधी पाथर्डीला. त्या गावांच्या नावांवरूनच त्यांनी सात मोजायची युक्ती काढली. "राजूर, खर्डा, पाथर्डी. दोन, दोन, तीन!" तुम्हीही टाळी देऊन म्हणून पाहा. रा-जूर, खर्-डा, पा-थर्-डी. झाल्या सात.

राजूरच्या एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ आमच्या स्पीकरजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी स्पीकरवर हात ठेवला, मग स्वतःच्या पोटावर ठेवला आणि म्हणाले, "आरं, हे तर हितं वाजतंय!" आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद.

पुढे मोहियोद्दीनभाईंचं लग्न झालं. हाजराबी खर्ड्याच्या. त्यांच्या बोलण्यात गावाकडची गोडी होती. सुरुवातीला त्या मला लाकडाचं धूड म्हणत. एकदा मी दुरुस्तीला गेले होते. घरी परतले तेव्हा हाजराबी नवऱ्याला म्हणाल्या, "हे वाजतंय तवर ध्यानातबी येत न्हाई. थांबलं की घर रिकामं लागतं बघा." त्या दिवसापासून पावसाळ्यात त्याच मला कोरड्या फडक्याने पुसू लागल्या.

त्यांना एक मुलगी झाली, सबिहा. रांगत येऊन ती माझ्या पोटाला कान लावायची. मी घुमले की खुदकन हसायची.

मग एक गोष्ट हळूहळू घडली. ती मला सगळ्यांच्या आधी कळली. मोहियोद्दीनभाई स्पीकरचं बटण फिरवून माझा आवाज वाढवू लागले. आज थोडा, पुढच्या महिन्यात आणखी थोडा. कारखान्यात मशिनचा दणका, लग्नात स्पीकरची भिंत, आणि कानांत बोळे घालायचा त्यांना कंटाळा. आधी त्यांना पाखरांचा आवाज ऐकू येईना. मग दाराची घंटा. मग हाजराबींचं बोलणं. "काय म्हणालीस?" हे त्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य झालं.

पाथर्डीच्या एका लग्नात गायकाने गाणं मध्येच थांबवलं, कारण नवरीची मिरवणूक दाराशी आली होती. सगळी वाद्यं थांबली. मोहियोद्दीनभाईंची पाठ गायकाकडे होती. ते वाजवतच राहिले. भर मांडवात मी एकटीच घुमत होते. मुलं हसू लागली, मोठी माणसंही हसली. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे ते थांबले. चेहरा पार उतरला होता.

घरी आल्यावर त्यांनी मला कपाटामागे उभं केलं. ऑर्केस्ट्रा सोडला. हाजराबी म्हणाल्या, "कानाची मशीन लावा की. शेजारचे चाचा लावत्यात." ते म्हणाले, "लोकांना दाखवत फिरू का, मी बहिरा झालोय म्हणून?" आणि विषय संपला.

कपाटामागे माझी वर्षं गेली. तारांवर गंज चढला, मान वाकली. माझ्या खुंट्यांवर कुणी छत्री अडकवू लागलं, कुणी ओली ओढणी. मला छत्रीचं दुःख नव्हतं, मित्रांनो. बाहेर रोज तेच माणूस वावरत होतं आणि माझ्याकडे पाहत नव्हतं, त्याचं दुःख होतं.

सबिहा कॉलेजात गेली. तिथे तिला ओम भेटला, तो गिटार वाजवायचा. पाथर्डीकडचा बजरंग भेटला, तो लहानपणी गावात हलगी वाजवायचा आणि आता ड्रम वाजवत होता. त्यांना बेस वाजवणारं कुणी मिळत नव्हतं. एका दुपारी सबिहाने कपाट सरकवलं आणि मला बाहेर ओढलं. नेमके तेव्हाच मोहियोद्दीनभाई खोलीत आले.

"ठेव ते जागेवर," ते म्हणाले.

"अब्बा, मला शिकवा ना."

"काय म्हणालीस?"

सबिहा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मला शिकवा."

"ज्याला ऐकू येत नाही तो काय शिकवणार, बेटा?"

सबिहाने त्यांचा हात धरला, माझ्या पोटावर ठेवला आणि सगळ्यात जाड तार छेडली. गंजलेली तार ती, बेसूर घुमली. पण घुमली! मोहियोद्दीनभाईंची बोटं माझ्या लाकडावर तशीच राहिली. मग ते खाली बसले. माझ्या धडाच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर त्यांनी हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. "पुन्हा वाजव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर नव्या तारा चढल्या. मोहियोद्दीनभाईंनी मानेतली सळई किल्लीने हळूहळू पिळून मला सरळ केलं. आणि शिकवणी सुरू झाली. ते कानाने काही तपासत नसत. हनुवटी टेकवून घुमारा अजमावत, आणि सबिहाच्या खांद्यावर बोटांनी ठेका देत. राजूर, खर्डा, पाथर्डी. चुकली की बोटं थांबत. हाजराबी दारात उभ्या राहून म्हणत, "बापलेकीचं जेवन आज हितंच आनू का?"

त्या चालीवर सबिहाने एक गाणं बांधलं. सुरुवात सात मात्रांत, मध्ये थोडं पाचांत, शेवटी पुन्हा सात. बजरंगने पहिल्यांदा ऐकून डोक्याला हात लावला. "लई अवघड हाय हे. लोक टाळी कुठं द्येनार?"

"देऊ देत कुठंही," सबिहा म्हणाली. "तू फक्त माझ्याबरोबर चाल."

शहरातल्या एका सभागृहात तरुण मुलांचा संगीताचा कार्यक्रम ठरला. मोहियोद्दीनभाई यायला तयार नव्हते. "मी तिथे दगडासारखा बसून राहीन," ते म्हणाले. त्यांना पाथर्डीचा मांडव आठवत होता, हे मला कळत होतं. शेवटी हाजराबींनी त्यांची इस्त्रीची पँट आणि शर्ट पलंगावर ठेवला आणि म्हणाल्या, "गानं ऐकायला नगा येऊ. पोरीला बघायला या."

ते आले. खुर्चीवर न बसता रंगमंचाच्या लाकडी कडेला, अगदी आमच्या पायांशी बसले. फळीवर एक तळहात टेकवला.

गाणं सुरू झालं. पहिली सात मात्रांची फेरी छान गेली. लोकांना आवडलं, आणि आवडलं म्हणूनच घात झाला. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले, त्यांच्या सवयीप्रमाणे चार मात्रांच्या. सभागृहभर एकसारख्या टाळ्या! आमचं गाणं एका वाटेने, टाळ्या दुसऱ्या. बजरंग गोंधळला. त्याचा हात टाळ्यांमागे ओढला जाऊ लागला. ओमने वाजवणं थांबवून सबिहाकडे पाहिलं. सबिहाची बोटं माझ्या तारांवर डगमगली. मला वाटलं, आता पडलो.

तेवढ्यात तिची नजर खाली गेली. मोहियोद्दीनभाईंचा तळहात फळीवर पडत होता. राजूर, खर्डा, पाथर्डी. शांत, ठाम, जराही न चुकता. सभागृह टाळ्यांनी दणाणत होतं, आणि त्यांच्यापर्यंत त्यातली एकही टाळी पोहोचत नव्हती. फळीतून माझा घुमारा त्यांच्या हाताला लागत होता, आणि उरलेलं त्यांच्या मनात पक्कं होतं.

सबिहाने त्या हातावर नजर रोवली आणि माझ्या तारेवर जोरात पहिली मात्रा दिली. मग दुसरी. बजरंगने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, दात आवळले आणि टाळ्या सोडून आमच्याबरोबर आला. मागोमाग ओम आला. आता टाळ्यांचीच पंचाईत झाली. त्या अडखळल्या, विरळ झाल्या, आणि लोक शांत बसून ऐकू लागले. पाचांच्या वळणावरून आम्ही सुखरूप गेलो. शेवटच्या सातांत आम्ही तिघं एकदम भेटलो, तेव्हा माझी तार न् तार थरथरत होती.

गाणं संपलं तरी मोहियोद्दीनभाईंचा हात फळीवरच होता. सबिहा धावत त्यांच्याजवळ आली. ओठ हलवत काहीतरी भरभर सांगू लागली. रडत होती आणि हसत होती. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना एक शब्दही कळला नाही.

घरी जाताना रिक्षात त्यांनी हाजराबींचा हात धरला. म्हणाले, "ती मला काय म्हणाली, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?"

मशीन लावून ते घरी आले तो दिवस मी विसरणार नाही. कुकरची शिट्टी झाली तर दचकले. बांगड्या वाजल्या तर वळून पाहिलं. "घरात एवढा गोंगाट असतो?" त्यांनी विचारलं. हाजराबी म्हणाल्या, "इतकी वर्सं मी वरडत हुते, ते आत्ता ऐकलं व्हय?" आणि तोंडाला पदर लावून हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग सबिहाने कार्यक्रमाच्या दिवशी बोललेलं सगळं पुन्हा सांगितलं. ते काय होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते बापलेकीचं आहे.

मग मला वाजवून पाहिलं. मोहियोद्दीनभाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही डासासारखी कधीपासून बोलायला लागली?" त्या चिमुकल्या मशिनीत माझा जाड आवाज मावत नव्हता. त्यांनी मशीन काढून डबीत ठेवली आणि हनुवटी माझ्यावर टेकवली. "हां," ते म्हणाले. आता हाच रिवाज झाला आहे. माणसांशी बोलायला मशीन, आणि माझ्यासाठी नुसती हनुवटी.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंसंच मागणं आहे. कान जपा. मोठ्या स्पीकरपाशी उभं राहण्यात काही शौर्य नाही. गाणं ऐकताना कधीतरी तळाशी कोण वाजतंय ते शोधा. घरात एखादं वाद्य अडगळीत पडलं असेल तर त्याला बाहेर काढा. आणि घरातलं कुणी सारखं "काय म्हणालास?" असं विचारत असेल, तर चिडू नका, मोठ्याने ओरडू नका. त्यांच्यासमोर जाऊन बसा, त्यांना तुमचा चेहरा दिसू द्या, आणि जे सांगायचं होतं ते सावकाश पुन्हा सांगा.