चौथी सीट

टिटवाळ्याला मंदिराजवळच्या रिक्षा स्टँडवर बाबुराव बोलला की विषय संपायचा. पंचवीस वर्षं रिक्षा चालवून माणसाच्या हाती दुसरं काही लागो न लागो, एवढा मान लागतो. समीक्षाला ते ठाऊक होतं, म्हणून ती युनियनवाल्यांकडे न जाता थेट त्याच्याकडे आली.

ती तर घरचीच. बाबुरावच्या शेजारच्या खोलीत वाढलेली, तिथल्या संदेशची थोरली लेक. कॉलेजला जाताना तिला रोज उशीर व्हायचा आणि ती पोचेपर्यंत बाबुरावच्या रिक्षात मागे तिघं बसलेले असायचे. मग तो त्यातल्या एखाद्या बाप्याला उठवून पुढे, आपल्या शेजारी चौथ्या सीटवर घ्यायचा आणि मागे पोरीला जागा करून द्यायचा. चौथी सीट कायद्यात नाही, टिटवाळ्यात आहे. त्या सीटच्या जोरावर समीक्षा इंजिनीअर झाली, असं तो थट्टेनं म्हणायचा आणि मनातून खरंच मानायचा. तीही बदल्यात त्याचे सगळे फॉर्म भरून द्यायची. परमिटपासून रेशनकार्डापर्यंत त्याच्या घरातल्या प्रत्येक अर्जावर तिचं गोल, टपोरं अक्षर होतं.

आता ती ठाण्याला, नौपाड्यातल्या एका सल्लागार कंपनीत होती. विजेवर चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या गाड्या कशा बनवाव्यात हे कारखान्यांना सांगायचं, असं तिचं काम. डोंबिवलीच्या एका कारखान्यानं जुन्या रिक्षांसाठी बॅटरी आणि मोटर तयार केली होती. इंजिन काढायचं, ती बसवायची. बॅटरीला दोन वर्षांची हमी, बिघडली तर बदलून मिळणार. फक्त चाचणी म्हणून वर्षभर रोज वहीत लिहायचं: किती फेऱ्या, किती माणसं, बॅटरी किती उरली.

"किती माणसं म्हणजे?" मारुतीनं विचारलं. हा बाबुरावचा जुना जोडीदार, संशय घेऊनच जन्माला आलेला. "आम्ही चार बसवतो ते लिहायचं? उद्या आरटीओवाले उरावर बसतील आमच्या."

"मारुतीकाका, तुम्ही तीन लिहिलंत तर ते तिघांपुरतीच बॅटरी बनवतील आणि चौघांत ती मरेल," समीक्षा म्हणाली. "वह्या माझ्याकडेच राहतील. नाव नाही, नंबर नाही. फक्त आकडे पुढे जातील. शब्द देते."

मारुतीनं बाबुरावकडे पाहिलं.

"पोरगी आपली आहे," बाबुराव म्हणाला. "लिहा खरं."

नऊ जणांनी इंजिनं काढून भंगारात दिली. शाळेत कधी गृहपाठ न केलेली माणसं दुपारी मांडीवर वही घेऊन बसायला लागली. मारुतीचा तर एकदा संशय फिटल्यावर प्रामाणिकपणा उतूच जायला लागला. 'चार माणसं, एक कडेवरचं मूल, नारळाचं पोतं.' अंगारकीला त्यानं 'पाच, देवाची गर्दी' असं लिहून खाली सही ठोकली. सही कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, "खरं आहे ना? मग सही पाहिजे."

आठव्या महिन्यात बॅटऱ्या माना टाकायला लागल्या. सकाळी भरलेली दुपारीच संपायची, नव्या बिल्डिंगांच्या चढावर गाडी जागीच थांबायची. पहिली गेली मारुतीची. मग एकेक करत आणखी पाच. बाबुरावची अर्धमेली होऊन चालत होती. तरी कुणी घाबरलं नाही, कारण हमी होती आणि समीक्षा होती. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "सोमवारी ऑफिसला या काका. कारखान्याचे साहेब पण येतायत."

बाबुराव इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बरोबर मारुती. समीक्षाचे वरिष्ठ, अद्वय सर, फार गोड माणूस. त्यांनी स्वतः उठून खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मग कारखान्याच्या साहेबानं एक जाडजूड अहवाल पुढे सरकवला.

"हमी तीन प्रवाशांसाठी आहे. तुम्ही चार-पाच बसवलेत, त्यामुळे हमी रद्द. हे आम्ही नाही म्हणत, तुम्हीच लिहिलंय."

अहवालाच्या शेवटी वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. नऊच्या नऊ, नावानंबरासकट, मारुतीच्या सहीसकट. बाबुरावला आधी वाटलं, वरच्यांनी तिच्याकडून काढून घेतल्या असतील, पोरगी बिचारी काय करणार. मग त्यानं पान जवळ धरलं. जिथे जिथे चार लिहिलं होतं तिथे पिवळी रेघ होती आणि बाजूला समासात दोन शब्द: 'जादा भार'. गोल, टपोरं अक्षर. ते ओळखायला त्याला चष्मा लागत नव्हता.

"तू केलंस हे?"

समीक्षानं लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "काका, रिपोर्टला पुरावा जोडावाच लागतो. क्लायंट कारखाना आहे आमचा. मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

"दुसऱ्या कुणाला आम्ही वह्या दिल्या नसत्या."

अद्वय सर म्हणाले, चहा निवतोय.

स्टँडवर परतल्यावर कुणी बोल लावला नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बाबुरावला बरं वाटलं असतं, पण ते त्याच्यासाठी चहा सांगत राहिले आणि विषय दुसरीकडे नेत राहिले. परका फसवतो तेव्हा माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. इथे फसवलं होतं तिनं, आणि 'पोरगी आपली आहे' हे म्हटलं होतं त्यानं. ते वाक्य दिवसातून दहा वेळा त्याच्या कानात वाजायचं आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःची लाज वाटायची.

"तिच्या आईशी बोलू का?" त्याच्या बायकोनं, रमाबाईनं विचारलं.

"नको. शब्द तिच्या आईनं नव्हता दिला."

ज्यांच्या बॅटऱ्या गेल्या ते दुसऱ्यांच्या रिक्षा पाळीनं चालवायला लागले. मारुतीची रिक्षा स्टँडच्या टोकाला पिंपळाखाली उभीच होती. आतली मेलेली बॅटरी काढून ठेवलेली, तरी तो रोज तिला फडकं मारायचा. वरून ती नवीकोरी दिसायची.

तीन महिन्यांनी समीक्षा आली. हातात पिशवी, पिशवीत कोऱ्या वह्या.

"काका, तुमच्या वह्यांचा केवढा उपयोग झाला. आता खास चार प्रवाशांसाठी मोठी बॅटरी करतायत. परत ट्रायल घ्यायचीय."

"आणि आमच्या मेलेल्या बॅटऱ्या? त्या बदलून देणार?"

"त्या जुन्या स्कीममधल्या ना, काका."

कुणी हात पुढे केला नाही. ती थोडा वेळ पिशवी धरून उभी राहिली. मग घड्याळ बघत, पूर्वीसारखीच घाईत, बाबुरावच्या रिक्षाशी आली. "स्टेशनला सोडता ना? ठाण्याला मीटिंग आहे."

मागे तिघं बसले होते. त्यातला कडेचा माणूस सवयीनं उठून पुढे यायला निघाला.

"बसा हो, उठू नका," बाबुराव त्याला म्हणाला. "तीनच घेतो मी." मग तो तिच्याकडे वळला. "तुम्ही मागची एखादी बघा, मॅडम."

ती लहान होती तेव्हापासून तो तिला अगंतुगं करत आला होता.

"काका, मला तुम्ही म्हणताय?"

त्यानं मूठ पिळली. रिक्षा आवाज न करता निघाली. वळणावर त्यानं आरशात पाहिलं. समीक्षा पिंपळाखालच्या चकचकीत रिक्षाकडे गेली होती. मारुती फडक्यानं तिच्यासाठी मागची सीट पुसत होता. ती आत बसली, वह्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि रिक्षा सुटायची वाट बघू लागली. स्टँडवर सात-आठ जण उभे होते. तिला कुणीच काही सांगितलं नाही.