कवायतघरातला एक दशांश

मित्रांनो, सध्या मी दिवा आहे. डोक्यावर झालरीची टोपी, पोटातून गेलेली वायर आणि बुडाशी लाकडाची बैठक. बसतो आपला कोपऱ्यातल्या टेबलावर. पण जन्माने मी बिगूल. पितळेचा, अंगठ्याने दाबायची एकच कळ असलेला जुना बिगूल.

आमच्या गावात कागदाची गिरणी होती, पोलिश लोकांचं चर्च होतं आणि त्या चर्चचं मुलींचं पथक होतं. चोवीस बिगूल, बाकीच्या ढोलांवर आणि झेंड्यांवर. मी आलो तो जाद्विगा म्रोचेकच्या हातात. चौदा वर्षांची, बोटं नेहमी गार, आणि फुंकर अशी की माझा कंठ पहिल्याच दिवशी मोकळा झाला. रोज रात्री जेवणं झाली की ती मला मऊ फडक्याने पुसायची. असा मान पुन्हा कुणी दिला नाही.

पिलार्स्की सर दिवसा गिरणीत लगदा ढवळत आणि संध्याकाळी आम्हाला शिकवत. त्यांना कागदावरचे सूर वाचता येत नसत. ते तोंडाने गाऊन दाखवायचे आणि मुली उचलायच्या. उन्हाळ्यात आम्ही मैदानावर वाजवायचो, पण खरी परीक्षा हिवाळ्यात. बाहेर गुडघाभर बर्फ पडला की सगळी पथकं पलटणीच्या जुन्या कवायतघरात स्पर्धेला जमायची. ओल्या लोकरी कोटांचा वास, दाराशी चर्चच्या बायकांनी मांडलेल्या पिरोग्यांचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा वास, आणि वर एवढं उंच छप्पर की वाजवलेला सूर तिकडे फिरून सावकाश परत यायचा. परीक्षक रांगांमधून हिंडायचे. चूक दिसली की पेन्सिलीची एक रेघ, रेघेमागे एक दशांश गुण गेला.

"तिथली मागची भिंत खोटारडी आहे," सर दर तालमीला बजावायचे. "तुम्ही वाजवलेलंच ती तुम्हाला उशिरा ऐकवते. कान घरी ठेवून या पोरींनो. हलिनाचा हात बघा."

हलिना म्हणजे आमची कप्तान. हात तिचा पडेल तेव्हा आम्ही वाजायचं.

त्या वर्षी नदीपलीकडच्या मुलांच्या पथकाला आम्ही हरवणार, असं गावात जो तो म्हणत होता. मधोमध जाद्विगाचा एकटीचा भाग होता. आधी सगळ्यांनी थांबायचं, चार मात्रा गप्प, मग ती. सगळे थांबले. त्या शांततेत भिंतीवरून आमचाच शेवटचा सूर परत आला आणि माझ्या जाद्विगाने तिथून मोजायला सुरुवात केली. हात पडला आणि मी अर्धी मात्रा मागे राहिलो. सूर मात्र सुंदर लागला, हे मी शपथेवर सांगतो. समोरच्या परीक्षकाने रेघ ओढली.

आम्ही एका दशांशाने हरलो. परतीच्या बसमध्ये कुणी तिला बोललं नाही, तेच वाईट होतं. सर शेजारी येऊन बसले, त्यांनी अर्धं सँडविच तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "खा. पुढच्या हिवाळ्यात वेळेवर येशील."

पुढचा हिवाळा सरांनी पाहिला नाही. पानं गळायला लागली तेव्हा ते गेले. शिकवायला दुसरं कुणी मिळालं नाही, पथक मोडलं आणि मी पेटीत गेलो. पुढे जाद्विगाचं लग्न झालं. तिचा नवरा नॉर्बर्ट हा हाताने काहीबाही करणारा सज्जन माणूस. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याने बायकोला चकित करायचं ठरवलं आणि माझ्या कळेच्या नळीतून आरपार भोक पाडलं. मला ओरडताही आलं नाही. जाद्विगाने माझ्या कळेवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "छान झालाय हं दिवा." तो बिचारा इतका खूश झाला होता. ती काय बोलणार?

आणखी कितीतरी वर्षांनी हलिनाचा फोन आला. कवायतघर पाडणार होते. त्याआधी जुन्या पोरींनी तिथे एकदा वाजवायचं ठरवलं होतं. पोरी म्हणजे सत्तरीच्या.

"तुझा भाग दुसऱ्या कुणाला देऊ का गं? तुझ्या बिगुलाचा तर दिवा झालाय म्हणे."

"खबरदार," जाद्विगा म्हणाली.

तिने वायर ओढून काढली. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. म्हणाला, "बाई, ही कळ आता बनतच नाही. तीन कळांचा नवा घेऊन जा." तिला ती तीन कळांची भानगड कुठली जमायला! तिने घरी भोकात मेण भरलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि फुंकलं. मी घोगरा का होईना, वाजलो. मित्रांनो, मला किती आशा वाटली म्हणून सांगू.

कवायतघर गारठलेलं होतं, खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. पोरी वाजवायला लागल्या आणि मधोमध सगळ्या थांबल्या. चार मात्रा. भिंतीवरून सूर परत आला, पण या वेळी जाद्विगाने तिकडे लक्षच दिलं नाही. तिची नजर हलिनाच्या हातावर होती. हात पडला आणि त्याच क्षणी तिने जीव ओतून फुंकलं.

इतका वेळ वाजवून श्वासाच्या उबेने मेण मऊ झालं होतं, चिकटपट्टीही सैल पडली होती. ते सुटलं आणि माझ्यातून नुसती हवा गेली. तिने सगळा भाग तसाच फुंकला, एकही मात्रा न चुकता. लोकांना वाटलं, म्हातारीला दम पुरला नाही. कुणीतरी दयेने टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात कवायतघर पाडलं.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू गप्प पडलेली दिसली तर तिला छिद्र पाडण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. प्रेमाने पाडलेलं भोकही बुजत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर जाद्विगाने माझ्यात वायर पुन्हा ओवली आणि टोपी बसवली. नॉर्बर्टने खुर्चीतून विचारलं, "काय, वाजला का?"

"वेळेवर," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.