शब्द जुळला नाही तर

बाप गेला तरी मल्हारला रडू आलं नाही, याचं भावकीला लय नवल वाटलं. त्यालाही वाटत होतं, पण आतनं सगळं बधिर पडलेलं. करणार काय?

बापाच्या, सिद्धूआप्पाच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून म्हातारा जतच्या घरी खाटेवर. मेंढरं चुलतभाऊ बिरदेव राखायचा. मल्हार सांगलीत वेबसाइट बनवायचा. नोकरी सोडवत नव्हती आणि बापाला एकटं टाकवत नव्हतं. मग गड्यानं डोकं चालवलं. जुना मोबाईल खाटेशेजारी टांगला, त्यात ब्राउझरवर स्वतः लिहिलेलं वेबपान उघडून ठेवलं. आप्पांनी "मल्हार" म्हटलं की सांगलीत निरोप यायचा; लगेच तो शेजारच्या लीलाबाईंना फोन करायचा.

ब्राउझर कान देऊन बसतो आणि घडेल त्याची वर्दी देतो: आवाज आला, शब्द सापडला, शब्द जुळला नाही, ऐकणं थांबलं. कुठल्या वर्दीला काय करायचं, ते लिहिणाऱ्यानं सांगायचं. ऐकणं थांबलं की पुन्हा सुरू कर, हे मल्हारनं नीट लिहिलं. 'जुळला नाही'ची जागा मात्र कोरी सोडली, म्हणजे नुसता आवाज आला तर काहीच करायचं नाही. मेंढरं ओरडणार, कुत्री भुंकणार. दरवेळी निरोप आला तर काम कधी करायचं? शहाणाच की.

आप्पा भरदुपारी गेले. निरोप आला नाही. म्हणजे झोपेतच गेले, हाक मारलीच नाही, एवढ्या एका समजुतीवर मल्हार तग धरून होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी लीलाबाई चहा घेऊन आल्या.

"लेकरा, त्या दुपारी मी घरातच हुते. तुजा बाप लय येळ हाळी देत हुता. मेंढरांस्नी पाण्यावर बोलवायची, तीच. मला वाटलं, बिरदेव आला आसंल, ह्यो खाटंवरनं मेंढरं बोलवतोय. म्हनून न्हाई आले रं."

पुन्हा वारं गेलं असणार. तोंडातनं पोराचं नाव फुटेना, तेव्हा जन्मभर गळ्यात बसलेली हाळी तेवढी निघाली. तिच्यात शब्दच नव्हता.

मल्हारनं कप खाली ठेवला. टांगलेला मोबाईल कुणी काढला नव्हता, पान चालूच होतं. त्यासमोर उभं राहून त्यानं बापाची हाळी दिली. पुन्हा दिली. खिशातला मोबाईल गप्पच राहिला.

दहाव्यासाठी आलेल्या बिरदेवनं अंगणात बसवलेली मेंढरं उठली, दाराशी आली आणि पाण्याची वाट बघत उभी राहिली.