सवलत संपली

सरकारने जमीन आणि वीजबिलात सवलत दिली, म्हणून शिरूर कासारजवळ शिवणकामाचा कारखाना आला. वनमालाला तिथे काम मिळालं, ऊसतोड सुटली आणि तिची मुलगी ऋतुजा पहिल्यांदाच वर्षभर शाळेत गेली. यंदा सवलत संपली आणि मालकाने मशिनी ट्रकात चढवल्या.

"साहेब, आता आमी कुठं जायचं?" वनमालाने विचारलं.

"दुसरं राज्य जास्त सवलत देतंय, बाई," तो खाली बघत म्हणाला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी दारात आली. ऋतुजाने गाठोडं उचललं. वनमालाने ते काढून घेतलं.

"तू न्हाई. तू अंबाजोगाईला मावशीकडं राहायचं. शाळा सोडायची न्हाई."

गाडी हलली. उसाचा फड आला, तशी वनमाला कोयता घेऊन खाली उतरली.