पंचामृताची वाटी

“प्रसादाला नाक मुरडायचं नाही. गिळायचा.”

सासूबाईंचं हे सांगणं वीस वर्षांपूर्वीचं, लग्नानंतरच्या पहिल्या पूजेतलं, परभणीचं. सकाळपासून उन्हात ठेवलेलं पंचामृत, त्यात काळी पडलेली केळ्याची चकती, वर तुपाचे गोळे. ते टाळूला चिकटलं. मी गिळलं, मोरीत गेले, नळ सोडून सगळं ओकले आणि देवाची क्षमा मागितली. पहिला सोमवार मी त्या दिवशी धरला.

पुढे तसंच होत गेलं. ओकले की एक नेम वाढायचा. सोमवार, मग प्रदोष, मग चहाआधी पोथीचा एक अध्याय. लोक म्हणायचे, वत्सला केवढी भाविक. देवावर माझा जीव होताच, खोटं कशाला सांगू. पण त्यातला प्रत्येक नेम कुठल्या पापाचा, ते मलाच ठाऊक.

मालकांना कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही बोईसरला आलो. इथे संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा घशाशी येणारा एक वास असतो. बाकीच्यांना तो घरात भरल्यावर कळतो. प्रतीक्षा चार वर्षांची असतानाच म्हणायची, “आई, खिडकी.” तोवर माझा हात कडीवर गेलेला असायचा. तरी माझ्या काही ध्यानात आलं नाही.

गेल्या महिन्यात बेटेगावला वन्संकडे सत्यनारायण होता. प्रतीक्षा आता बारा वर्षांची. वाटी पुढे आली तशी ती मागे सरली.

“बघा, महाराणींना प्रसाद चालत नाही,” वन्सं म्हणाल्या. “वत्सला, एवढे उपास करतेस, पोरीला हेच शिकवलंस का गं?”

बाया हसल्या. मी आवाज चढवत नाही, कधी हात उगारला नाही. मी डाव्या हातानं तिचा जबडा धरला आणि चमचा आत घातला. “गिळ,” म्हटलं, हळूच. तिनं गिळलं. लगेच ते माझ्या मनगटावर उलटून आलं, कोमट, आंबट, बांगड्यांच्या आत. मनगट धुतलं, ती किळस गेली. तिच्या गालांवर माझ्या बोटांचे वळ होते. त्यांची किळस अजून जात नाही.

त्यानंतर ती माझ्या हातचं वाढलेलं खाईना. डबा भरलेलाच परत येऊ लागला, म्हणून शाळेतून बोलावणं आलं. जागृती मॅडम मुलांशी बोलायला नेमलेल्या.

“हा आजार नाही,” त्या म्हणाल्या. “काहींचा स्वभावच असा असतो. वास, आवाज, स्पर्श, समोरच्याचा राग, सगळं त्यांच्यापर्यंत जरा जास्तच पोचतं. नखरे म्हणून मोडायला गेलात, तर पोर स्वतःलाच वाईट समजायला लागेल. घरात आणखी कोणी आहे का असं?”

“नाही,” मी म्हणाले.

रिक्षाच्या थांब्यावर प्रतीक्षा म्हणाली, “खोटं बोललीस. पूजा झाली की तू मोरीत जातेस. मला ऐकू येतं.”

“कधीपासून?”

“पहिलीत होते तेव्हापासून. मला वाटायचं, मोठं झालं की सगळ्यांना असं लपून ओकावंच लागतं.”

तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं. माझीच मला शिसारी आली. पापं मी माझ्या नावावर मांडत होते आणि शिकत होती ही.

“पुन्हा तुला कोणी गिळायला लावणार नाही,” मी म्हटलं. “आणि माझं मी सगळ्यांसमोर सांगेन.”

“आत्यासमोर?”

“तिच्यासमोर आधी.”

“मग ती तुला महाराणी म्हणेल.”

“म्हणू दे. बारा वर्षं एका महाराणीची आई आहे, तेवढा मान चालेल.”

ती हसली नाही, पण माझ्या पिशवीचा एक बंद तिनं धरला.

आज पौर्णिमा, वन्संकडे पुन्हा सत्यनारायण. सकाळीच वन्संचा फोन. “पोरीला घेऊन ये. या खेपेला मी धरते, तू चमचा घाल. दोनदा केलं की सवय होते, आईनं तुला नाही का लावली?”

कानाला लावलेला फोनसुद्धा चिकट वाटला. “येते, वन्सं,” म्हटलं.

अध्याय वाचला. रोजची क्षमा आज मागितलीच नाही. प्रतीक्षानं स्वतः वाढून घेतलं होतं, भात आणि मीठ. तिला जेवू दिलं. हळदीकुंकवाची पुडी घेतली, दार लोटलं आणि एकटीच बेटेगावच्या रिक्षात जाऊन बसले.