हवा न भरता

माझा भाऊ उत्तमदादा आबासाहेब नलवड्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात आहे. म्हणजे त्याचा श्वास आहे; बाकीचा गेल्या चैत्रात स्मशानात गेला. सोमवारी दुपारी गाडी दुकानासमोर थांबली आणि चाकातून खोकला आला. दादाचा खोकला मी हजारात ओळखेन. विडी सोडतो, सोडतो म्हणत मेल्याने कधी सोडली नाही.

फलटण रस्त्यावरचं हे टायरचं दुकान मी एकटी चालवते. नलवड्यांनी काच खाली केली. हल्ली गाडी तेच चालवतात, ड्रायव्हर टिकत नाही.

"मंदा, हा पिवळा दिवा तेवढा घालव गं. आधी गाडीत लागायचा. आता घड्याळात लागतो, देवघरात लागतो. काल ताटात भाताखाली लागला होता, जेवलो नाही."

त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेतही तो होता. घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. चाकात हवा कमी आहे, एवढंच बिचारा सांगतो.

"हवा भरू, की नुसताच रीसेट मारू?"

"नुसताच मार. वेळ नाही."

हेच. दादा त्यांचा ड्रायव्हर होता तेव्हा अगदी हेच ते त्याला म्हणाले होते, याच दारात, माझ्यादेखत. "साहेब, चाक बसलंय, मंदी दोन मिनिटांत भरेल," असं दादा सांगत होता. पण धन्यापुढे शहाणपण चालतं होय? त्याने बटण दाबलं, दिवा गेला, घाटात चाक फुटलं. मागे बसलेल्या साहेबांना साधं खरचटलं नाही. तेराव्याला येऊन, लाडू खाऊन, वर म्हणाले, "चूक उत्तमचीच. हवा बघायला नको?" तेव्हापासून माझ्या पोटात निखारा आहे.

लोकांना वाटतं, रीसेट मारला की हवा भरते. डोंबल! बटण दाबून धरायचं, दिवा तीनदा लुकलुकतो, आणि त्या घडीला जे असेल तेच बरोबर, असं गाडी धरून चालते. म्हणून आधी भरायचं असतं.

मी हवा मोजायचा गेज चाकाला लावला नाही, नलवड्यांच्या मनगटाला लावला. व्हॉल्व्ह तिथेच होता, घड्याळाच्या पट्ट्याखाली. काट्यावर बत्तीस भरले. मी व्हॉल्व्ह टाचणीने दाबला, हवा सुटायला लागली.

"काय करतेस?"

"दिवा घालवतेय, आबासाहेब."

हवेला अत्तराचा वास होता. अठ्ठाविसाला गाल बसले. बाविसाला अंगठ्या गळून पायाखाली गेल्या. चौदाला मी त्यांची ट्यूबसारखी घडी घातली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि स्टिअरिंगपुढे बसले. मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

"मंदा," घडी म्हणाली, "हवा भर गं."

"वेळ नाही, आबासाहेब."

बटण स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला असतं. मी दाबून धरलं. दिवा एकदा लुकलुकला.

मागच्या चाकात दादा खोकला. "मंदे, काय चाललंय?"

"तुझं उट्टं काढतेय."

"हवा न भरता?"

"न भरता. आता हा जन्मभर चौदावर राहील."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"अगं, पण मग माझंही बरोबर ठरेल," तो म्हणाला. "मी मेलो तेही."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चौदा वर्षांची असल्यापासून चाकं उघडतेय आणि हे ध्यानात नाही! दिवा गेला की दादा कुणालाच कमी वाटणार नाही, मलासुद्धा नाही. मी बोट जरासं सैल केलं. शेजारची घडी लगेच सुस्कारली, एक गाल वर आला आणि त्या गालाने नलवडे हसले.

"शहाणी गं माझी बाय ती," ते म्हणाले. "सोड. चूक उत्तमचीच होती."

मी बोट पुन्हा घट्ट दाबलं. गाल बसला.

"दादा, सांग ना रे, काय करू?"

दिवा दुसऱ्यांदा लुकलुकला. मागच्या चाकात खोकला थांबला होता. दादा श्वास रोखून बसला होता.